दहावं नाही, मग यायचं कधी?

बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. देहदानाचा अर्ज त्यांनी स्वतःच्या हातानं भरून ठेवला होता. त्याच दिवशी दुपारी वैद्यकीय महाविद्यालयाची गाडी आली आणि त्यांना घेऊन गेली. तिरडी नाही, मडकं नाही, सावडणं नाही, दहावं-तेरावं नाही. सगळं त्यांच्या इच्छेप्रमाणे झालं आणि त्याचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे. त्या दिवशी कराडचं आमचं घर माणसांनी भरून गेलं. बसायला जागा पुरेना म्हणून गल्लीतल्या मांडववाल्यानं पंचवीस खुर्च्या आणून टाकल्या आणि जाताना म्हणाला, "असू द्या, तेरावं झालं की नेतो." दुसऱ्या दिवशी सात-आठ जण आले. तिसऱ्या दिवशी दोघं. चौथ्या दिवशी सकाळी आई आणि मी पायरीवर बसून होतो, समोर अंगणात एकात एक घातलेल्या खुर्च्यांच्या दोन उतरंडी. मी मांडववाल्याला फोन केला आणि घेऊन जा म्हटलं.

पंधरा दिवसांनी भाजीच्या गाड्यावर समोरच्या काकू आईला भेटल्या. हात धरून म्हणाल्या, "वहिनी, रागावू नका. दहावं नाही म्हटल्यावर यायचं कधी तेच कळेना. आज जावं का, उद्या जावं का, तुम्हाला चालेल का, असं करता करता राहूनच गेलं." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्याच वर्षी दिवाळीनंतर त्यांचे यजमान गेले. पहिल्या दिवशी भावकीतून कडू घास आला, मग तेरा दिवस रोज कुणाच्या तरी घरून पिठलं-भाकरी, आमटी-भात. नणंदा, जावा, माहेरची माणसं, यजमानांच्या ऑफिसातले लोक, कुणी ना कुणी येऊन बसायचं. सगळे बोलायचेच असं नाही. दहाव्याला प्रीतिसंगमावर गेले, कावळा शिवेपर्यंत ताटकळले, परत आले. पिंडाला कावळा शिवण्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. पण त्या तेरा दिवसांत काकू एका संध्याकाळीही एकट्या नव्हत्या, हे मी आमच्या खिडकीतून पाहिलं आहे. माझी आई एकटी होती.

धर्म आणि सुख यांच्या नात्याबद्दल समाजशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ काय सांगतात, ते मी तेव्हापासून मन लावून वाचते आहे. आपल्याकडे या विषयावर दोन ठरलेली वाक्यं फिरतात. एक म्हणजे, 'श्रद्धाळू माणसं जास्त सुखी असतात, हे आता विज्ञानानंच सिद्ध केलंय.' दुसरं आमच्या बाजूचं, 'मग फिनलंड-डेन्मार्क बघा की, देवाधर्माचं कमी आणि सुखाच्या यादीत वर.' दोन्हींना आकड्यांचा आधार आहे आणि दोन्ही अर्धवट आहेत. हे अभ्यास नीट वाचले तर ते तिसरंच काही सांगतात, आणि ते आम्हा नास्तिकांनी सगळ्यांत आधी ऐकायला हवं. माणसाला सावरतात ती ठरल्या वेळी येणारी, आपली म्हणवणारी माणसं. ती देवाच्या नावानं जमली की आणखी कशाच्या, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

या अभ्यासांची सुरुवात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमपासून धरतात. १८९७ मध्ये त्यानं युरोपातल्या आत्महत्यांचे आकडे मांडले तेव्हा प्रोटेस्टंट भागांत त्या जास्त आणि कॅथलिक भागांत कमी दिसल्या. आत्महत्या हे पाप आहे, हे तर दोन्ही पंथ सारख्याच ठामपणे सांगत होते. तेव्हा फरक शिकवणुकीचा नसून माणसाला बांधून ठेवण्याचा आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. ज्या पंथानं माणसाला चार जणांच्या आचारात जास्त घट्ट गुंफलं होतं, तिथं तुटून पडणारे कमी होते. त्याच्या आकडेवारीवर पुढं पुष्कळ टीका झाली, पण प्रश्न त्यानं योग्य जागी आणून ठेवला.

त्या प्रश्नाचं मला सर्वांत पटलेलं उत्तर २०१० मध्ये आलं. चेयून लिम आणि रॉबर्ट पटनम या दोघांनी सुमारे तीन हजार अमेरिकनांना २००६ मध्ये आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना पुन्हा २००७ मध्ये प्रश्न विचारले होते. चर्चला किती वेळा जाता? एकट्यानं प्रार्थना करता का? देवाचं प्रेम जाणवतं का? आणि तुमच्या चर्चमध्ये तुमचे जिवलग किती आहेत? दर आठवड्याला जाणारे आणि तिथं तीन ते पाच जिवलग असलेले लोक घेतले तर त्यांतले ३३ टक्के आयुष्याबद्दल अत्यंत समाधानी निघाले. दर आठवड्याला जाणारे, पण तिथं जिवलग कुणीच नसलेले, यांच्यात हे प्रमाण १९ टक्के होतं. आणि जे चर्चला कधीच जात नाहीत त्यांच्यातही १९ टक्केच.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा वर जाऊन वाचले. दर रविवारी नेमानं जाऊन, प्रवचन ऐकून, कुणाशी ओळख न वाढवता घरी परतणारा माणूस, आणि रविवारी घरीच असणारा माणूस, समाधानाच्या मापात एका रेषेत आले. एकट्यानं केलेल्या प्रार्थनेची किंवा देवाच्या जाणिवेची त्यात वेगळी भर पडली नाही. मात्र इथं एक अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. कुठलेही मित्र असले की झालं, असंही या अभ्यासातून निघत नाही. चर्चमधल्या मैत्रीचा परिणाम बाहेरच्या मैत्रीपेक्षा वेगळा दिसला, आणि तोही अशांच्यात ज्यांना 'आम्ही या संप्रदायाचे' ही ओळख मनापासून महत्त्वाची वाटत होती. म्हणजे नुसती संगत पुरत नाही. आपण एकाच वाटेवरचे आहोत, अशी संगत लागते.

श्रद्धेच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतल्या परिचारिकांच्या अभ्यासातून येतो. सुमारे ९० हजार स्त्रियांवर १९९६ ते २०१० अशी नजर ठेवली, तेव्हा आठवड्यातून एकदा तरी उपासनेला जाणाऱ्यांत आत्महत्येचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांच्या सुमारे एक पंचमांश दिसलं. एवढा मोठा फरक कुणी झटकून टाकू नये. आमच्यातले काही झटकतात, आणि मला ते प्रामाणिक वाटत नाही. पण त्या अभ्यासातही मोजलं होतं ते जाणं. किती विश्वास आहे, हे मोजलेलं नव्हतं. शिवाय अशा सगळ्याच तुलनांमध्ये एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. जिचे गुडघे शाबूत आहेत, जिला घरातून मोकळीक आहे, जिच्याशी गावात लोक बोलतात, तीच बाई देवळाच्या पायऱ्या चढून जाते. अंथरुणाला खिळलेली, नवऱ्यानं कोंडलेली, वाळीत टाकलेली बाई जात नाही. मग देवळात जाणाऱ्या सुखी आणि न जाणाऱ्या दुःखी दिसल्या तर कशामुळे काय झालं? चांगले संशोधक आधीची तब्येत, आधीचं नैराश्य हिशेबात धरतात. फॉरवर्ड होऊन येणाऱ्या मजकुरात हा हिशेब कधीच नसतो.

आणि दूरवरून केलेली प्रार्थना? तीही तपासून झाली आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या १,८०२ बायपास रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही अनोळखी लोक आपल्यासाठी प्रार्थना करणार आहेत, हे ज्यांना नक्की माहीत होतं त्यांच्यातल्या ५९ टक्क्यांना गुंतागुंतीला तोंड द्यावं लागलं. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण ज्यांना ते नक्की माहीत नव्हतं, त्यांच्यात ५२ टक्के. ज्यांच्यासाठी कुणीच केली नव्हती, त्यांच्यात ५१. यावरून प्रार्थना घातक ठरत नाही. पण न भेटणाऱ्या माणसाची प्रार्थना आणि उशाशी बसून डोक्यावर हात ठेवणाऱ्या माणसाची प्रार्थना यांत किती अंतर आहे, हे त्यातून कळतं.

आता देशांच्या यादीकडे वळू. एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दीडशेहून अधिक देशांतली माहिती तपासली. जिथं भूक, असुरक्षितता, अल्पायुष्य जास्त, तिथं लोक जास्त धार्मिक आहेत आणि तिथले धार्मिक लोक इतरांपेक्षा थोडे अधिक समाधानी आहेत. जिथं जगणं सुरक्षित आहे, तिथं धार्मिक आणि अधार्मिक यांच्या समाधानात जवळपास फरक उरत नाही. दुसऱ्या काही संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की धार्मिक असण्याचा फायदा मुख्यतः अशा देशांत मिळतो जिथं धार्मिक असणं हीच रीत आहे. साहजिक आहे. जिथं सगळे एका दिशेला निघालेत तिथं त्यांच्याबरोबर चालणाऱ्याला पाणी, सावली, खांदा सगळं मिळतं. उलट जाणाऱ्याला धक्के मिळतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये विचारलं की तुमच्या मुलानं किंवा मुलीनं कुणाशी लग्न केलेलं तुम्हाला आवडणार नाही, तेव्हा नापसंतीत नास्तिक सगळ्यांच्या वर होते. अशा देशात नास्तिक थोडा कमी सुखी निघाला तर दोष त्याच्या विचाराचा की त्याला मिळालेल्या वागणुकीचा?

फिनलंड २०१८ पासून सलग सुखी देशांच्या यादीत पहिला आहे आणि डेन्मार्क नेहमी वरच असतो, हे खरं. पण डेन्मार्कमधल्या दहांतल्या सात माणसांचं नाव आजही राष्ट्रीय चर्चच्या यादीत आहे. रविवारी ती फिरकत नाहीत, पण बारसं आणि दफन बहुतेकांचं तिथंच होतं. आणि म्हातारपण, बेकारी, आजारपण यांची जबाबदारी तिथं सरकार उचलतं. देव काढून घेतला आणि सुख आलं, असा क्रम तिथल्या इतिहासात नाही. आधी पोटाची आणि औषधाची हमी आली, मग देवाची निकड कमी झाली. ज्या देशात एक लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ येत नाही, त्या देशात उभं राहून डेन्मार्कचं नाव घेताना हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे तर तुलनाच करता येत नाही. २०१९-२०च्या सुमारे ३० हजार भारतीयांच्या पाहणीत ९७ टक्के लोकांनी देव मानतो असं सांगितलं. २०११च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणून नोंदवणारे देशभरात सुमारे ३३ हजार होते. एवढ्या मूठभरांच्या सुखदुःखावरून कुठलाच निष्कर्ष निघत नाही. पण भारतात या विषयावर एक फार सुंदर काम झालं आहे आणि ते मराठी माणसाला वारीमुळे लगेच कळेल.

प्रयागच्या माघ मेळ्यात कल्पवासी महिनाभर गंगेच्या वाळूत राहतात. कडाक्याची थंडी, पहाटेचं स्नान, तंबू आणि दिवसरात्र कर्णे. भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मिळून ४१६ कल्पवाशांची मेळ्याआधी आणि मेळा संपल्यानंतर विचारपूस केली, आणि मेळ्याला न गेलेल्या १२७ जणांचीही केली. २०१२ मध्ये निकाल आला. न गेलेल्यांच्या तुलनेत कल्पवाशांची प्रकृती आणि मनःस्थिती सुधारलेली होती, तेही त्या गारठ्यात आणि गर्दीत राहून. का? पुढच्या अभ्यासांतून उत्तर येत गेलं. इथले सगळे आपलेच आहेत, काही झालं तर शेजारच्या तंबूतला धावून येईल, ही खात्री. याच चमूनं लोकांना गोंगाटाचं एकच ध्वनिमुद्रण ऐकवलं. तो मेळ्यातला आवाज आहे असं सांगितलं तेव्हा लोकांनी तो जास्त वेळ ऐकला आणि शहरातल्या रस्त्याचा आहे असं सांगितलं तेव्हा लवकर बंद केला.

मी वारकरी नाही. एका मैत्रिणीबरोबर दोन वर्षं लोणंदच्या मुक्कामाला गेले आहे. माउलींच्या पालखीतळावर संध्याकाळी समाज आरती असते. चोपदार दंड उंचावतो आणि सगळे टाळ एकदम थांबतात. एवढ्या मोठ्या समुदायात अशी शांतता मी दुसरीकडे कुठंही अनुभवलेली नाही. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी थांबत नाही. ती टाळ वाजवत राहते. मग तिच्याकडे माणूस जातो, म्हणणं ऐकून घेतलं जातं, तेव्हा तिचे टाळ थांबतात. दिवसभरात हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूही तिथंच पुकारतात. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा. तिथं उभी असताना मला वाटून गेलं की ज्याची तक्रार रोज संध्याकाळी कुणीतरी ऐकतं आणि ज्याचा हरवलेला चष्मा लाखोंच्या गर्दीत पुकारला जातो, तो माणूस पंढरपूरला पोचेपर्यंत बरा व्हायलाच हवा. विठ्ठलाला यात काही काम उरतं का, हे वारकऱ्यांनी ठरवावं. मला ती व्यवस्था हवी आहे.

मॉरिशसमधल्या मराठी समाजातही असा अभ्यास झाला. ऊसमळ्यांवर नेलेल्या मजुरांच्या वंशजांचा हा समाज आजही आपली देवळं आणि सण राखून आहे. संशोधकांनी तिथल्या ७५ स्त्रियांना आधी मुद्दाम ताण येईल असं काम दिलं आणि मग काहींना नेहमीच्या देवळात नेहमीची पूजा करू दिली, काहींना नुसतं स्वस्थ बसवलं. पूजा केलेल्यांची काळजी जास्त उतरली होती, त्यांनी सांगितलेलीही आणि हृदयाच्या ठोक्यांवरून मोजलेलीही. निरांजन ओवाळणं, तीच हालचाल पुन्हा पुन्हा करणं, पुढं काय येणार ते ठाऊक असणं, याला माणसाचं शरीर प्रतिसाद देतं. आम्ही कर्मकांड हा शब्द शिवीसारखा वापरतो. हा अभ्यास वाचल्यापासून मी तो तसा वापरत नाही.

एवढं म्हटल्यावर दुसरी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर मी माझ्याच बाबांशी खोटं वागेन. संगतीला दार असतं, आणि दाराबाहेर कुणाला ठेवायचं हेही तीच संगत ठरवते. १९३०चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्या दारासाठी होता. विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं, म्हणजे तोवर शेकडो वर्षं त्याच वाटेवर नाचत-गात आलेली माणसं शेवटच्या पायरीशी थांबवली जात होती. आणि तेरा दिवस बाईला घेरून बसणारी तीच माणसं तिचं कुंकू पुसत होती, बांगड्या फोडत होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला ही प्रथा बंद करण्याचा ठराव मे २०२२ मध्ये करावा लागला. काकूंच्या बाबतीतही पहिल्या दिवशी काय झालं ते मला ठाऊक आहे. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

श्रद्धा स्वतःही कधीकधी माणसाला जाळते. केनेथ पार्गामेंट यांच्या २००१च्या अभ्यासात सुमारे सहाशे वयस्क रुग्णांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं होतं. देवानं मला टाकलं, मला ही शिक्षा आहे, असं ज्यांच्या मनानं घेतलं होतं त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त दिसला. आणि नुसत्या श्रद्धेवर सोडलेल्या आजाऱ्याचं काय होतं, हे तमिळनाडूतल्या एरवाडीनं दाखवलं. ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याच्या आश्रयानं चालणाऱ्या तिथल्या एका छपरीला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. संगत म्हणजे औषध नव्हे. गुजरातेत उनावाच्या दर्ग्यात २००८ पासून दुआ मागायला आलेल्या रुग्णाला तिथंच मानसोपचारतज्ज्ञही भेटेल अशी सोय झाली. मला तो मार्ग शहाणपणाचा वाटतो, दर्गा हटवण्यापेक्षाही आणि सगळं दर्ग्यावर सोडण्यापेक्षाही.

हे सगळं वाचताना मला वारंवार जाणवलं की यातलं मर्म महाराष्ट्राला फार आधी उमगलं होतं. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लावून दिलं. भटजी नको म्हणून ते थांबले नाहीत. भटजीशिवाय लग्न कसं लागेल, मंगलाष्टकं कोणती म्हणायची, वधूनं काय मागायचं आणि वरानं काय वचन द्यायचं, हे त्यांनी बसून रचलं. १८८७ मध्ये मंगलाष्टकांसह पूजाविधींची पुस्तिकाच छापली. एवढा मोठा बंडखोर माणूस पूजाविधी लिहायला बसतो, याचं कारण त्यांना माणसं ठाऊक होती. मांडव काढून घेतला तर लोक उन्हात उभे राहत नाहीत, जुन्या मांडवात परत जातात.

आणि बाबासाहेब. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. म्हणजे माझ्या बाबांनी जे नाकारलं तेच. पण कुठल्याही बौद्ध वस्तीत जाऊन पाहा. मृत्यूनंतर घरोघर जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका येते, तारीख असते, वेळ असते, विहारात वंदना होते, पांढरी वस्त्रं नेसून बाया येतात. पिंड गेला. पण यायचं कधी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाबासाहेबांनी लाखो लोकांना एक धर्म सोडायला सांगितला तो हातात दुसरं काही देऊन. आम्ही पांढरपेशा घरांतल्या नास्तिकांनी स्वतःपुरतं फक्त सोडलं. आमच्याकडे चर्चासत्रं आहेत, व्याख्यानमाला आहेत, वाद घालायला आम्ही कधीही तयार असतो. २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या स्मृतिदिनी आम्ही जमतो आणि जमायलाच हवं. त्यांच्या खुनानंतर त्याच वर्षी झालेला जादूटोणाविरोधी कायदा हे या चळवळीचं मोठं काम आहे आणि सत्यशोधक लग्नं लावण्याचं कामही कार्यकर्ते करत आले आहेत. पण आमच्यातल्या एखाद्याच्या घरात माणूस गेलं की चौथ्या दिवशी काय करायचं, याचं उत्तर आमच्याकडे लिहिलेलं नाही.

यावर श्रद्धावान मित्र म्हणतात की देव नसेल तर संगत टिकणारच नाही. त्यांच्या बाजूनंही संशोधन आहे आणि ते दणकट आहे. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड सोसिस यांनी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत निघालेल्या २०० सामूहिक वसाहतींचा हिशेब मांडला. कुठल्याही एका वर्षात टिकून राहण्याची शक्यता धार्मिक वसाहतींची चौपट होती. पुढं त्यांनी हेही दाखवलं की धार्मिक वसाहत सभासदांकडून जितका जास्त त्याग मागे तितकी जास्त टिके, आणि इहवादी वसाहतीत त्यागानं असा फरक पडत नसे. लंडनमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या देवाविना रविवारसभांचंही तसंच झालं. पहिली काही वर्षं त्या जगभर पसरल्या, येणाऱ्यांना बरं वाटतं असं पाहणीतही आढळलं, पण पुढं त्यांतल्या अनेक बंद पडल्या. दर आठवड्याला हॉल भाड्यानं घ्यायचा, गाणी ठरवायची, चहा करायचा, हे काम करणारे हात दमले.

मी हे मान्य करते. पण दर आठवड्याच्या भजनालाच पर्याय उभा करावा लागेल असं मला वाटत नाही. नॉर्वेत १९५१ पासून पंधराच्या आसपास वयाच्या मुलामुलींसाठी धर्माविना दीक्षासोहळा होतो. आधी काही आठवडे वर्ग, मग नगरसभागृहात कार्यक्रम, आजी-आजोबांसकट घर जमतं. तो आजही जोमानं चालू आहे. स्कॉटलंडमध्ये मानवतावादी लग्नांना २००५ मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली आणि आता ती तिथल्या राष्ट्रीय चर्चमधल्या लग्नांपेक्षा जास्त लागतात. टिकलं ते जन्म, वयात येणं, लग्न, मृत्यू या सांध्यांवर बांधलेलं. तिथं माणूस उघडा पडतो आणि तिथंच त्याला चार जण लागतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती आधी आमच्याच लोकांकडे आहे. प्रत्येक गावातल्या विवेकवादी मंडळींनी मृत्यूनंतरचे तेरा दिवस आपले मानावेत. तेरा हा आकडा कुणाच्या मालकीचा नाही. तो लोकांच्या अंगवळणी पडलेला आहे, तोच वापरावा. पत्रिका काढावी, वेळ लिहावी, 'विधी नाहीत, भेटायला मात्र या' असं स्पष्ट छापावं. नगरपालिकांनी घाटावर दशक्रियेसाठी शेड बांधल्या आहेत. कुठल्याही धर्माच्या आणि धर्म नसलेल्या कुटुंबाला शोकसभेसाठी एक खोली आणि वीस खुर्च्या देणं त्यांना जड नाही. आणि विद्यापीठांतल्या मानसशास्त्र-समाजशास्त्र विभागांनी प्रयागसारखा अभ्यास वारीवर करावा, विहारांवर करावा, भजनी मंडळांवर करावा. आळंदीहून निघताना आणि परत आल्यावर विचारपूस करायला फार मोठा निधी लागत नाही. त्यात बायकांना वेगळं विचारावं, विधवांना वेगळं विचारावं. सरासरीत त्यांचं दुःख नेहमी बुडतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका शिक्षक मित्राची बायको गेली. त्यानंही विधी करायचे नाहीत असं ठरवलं होतं. या वेळी आम्ही दोनशे पानी वही घेतली, तेरा पानांवर तेरा तारखा टाकल्या. रोज संध्याकाळी सहा ते आठ, दोन नावं आणि एक डबा. मांडववाल्याला सांगितलं, खुर्च्या राहू देत. तिसऱ्या दिवशी सातच जण आले, पण आले. पाचव्या दिवशी गावाहून त्याची सासू आली, गळ्यात तुळशीची माळ. लेकीच्या फोटोसमोर बराच वेळ बसल्यावर तिनं हळूच विचारलं, "तुमच्यात हरिपाठ म्हटला तर चालंल का?" तो म्हणाला, "म्हणा की, आई." तिनं म्हटला. आमच्यातल्या दोघा-तिघांना पाठ होता, ते तिच्याबरोबर म्हणाले, बाकीचे बसून राहिले. तेराव्या दिवशी निघताना तिनं ती वही मागून घेतली, पानं उलटून पाहिली आणि माझ्याकडे देत म्हणाली, "म्होरच्या एकादशीला मी येती. माझं नाव लिहून ठेव."